लागणे, सोडणे आणि सुटणे

मराठीत दारू माणसाला ‘लागते’. तहान लागावी, झोप लागावी, दृष्ट लागावी, वेड लागावे, तशीच ती लागते. आणि या सर्व वाक्यांत माणूस कर्त्याच्या गादीवर बसलेला नसून ‘त्याला’ या विभक्तीच्या आडोशाला अंग चोरून उभा असतो, कारण जे घडते ते तो करीत नाही, ते त्याच्यावर येऊन पडते. मात्र हाच मनुष्य व्यसनात गळ्यापर्यंत बुडाला म्हणजे त्याची बायको, त्याचा बाप, कचेरीतला त्याचा वरिष्ठ आणि गावात आलेला कीर्तनकार हे सारे त्याला एकमुखाने ‘सोड’ म्हणून सांगू लागतात. म्हणजे आरंभी आपणच ज्याचे कर्तेपण काढून घेतले होते, त्याच्या पदरात शेवटी ते सगळे कर्तेपण आपण थकबाकीसह एकदम टाकतो. आणि यदाकदाचित तो सावरलाच, तर भाषा पुन्हा बदलते: गाठ सुटावी किंवा वारा सुटावा तशी ‘त्याची दारू सुटली’ असे आपण म्हणतो, आणि ती त्याने सोडली याचे श्रेय त्याला देण्याचे बहुधा विसरतो.

या तीन क्रियापदांच्या मध्ये जो प्रश्न अडकून पडला आहे, तो नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. मनुष्याला हित कळते आणि तरीही तो अहित करतो, तेव्हा करणारा कोण असतो? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने हेच विचारले आहे. इच्छा नसताना, जणू कोणी बळाने जुंपावे तसा, पुरुष पापाकडे कशामुळे ओढला जातो, असा त्याचा प्रश्न आहे, आणि श्रीकृष्ण त्याला रजोगुणातून उपजलेल्या काम-क्रोधांची नावे सांगतात. उत्तर थोर आहे. परंतु पहाटे उठून, दात घासण्यापूर्वी, थरथरत्या हाताने बाटलीचे बूच काढणाऱ्या माणसाकडे पाहिले म्हणजे मला त्या उत्तरापेक्षा प्रश्नातला ‘जणू’ अधिक खोल वाटतो. बळजबरी खरीच असेल तर दोष कोणाचा? आणि ती नुसती भासमान असेल, तर इतक्या आणाभाका घेऊनही ती मोडत का नाही?

आपल्या शब्दांनीही या बाबतीत कधी निकाल दिलेला नाही. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा अर्थ संकट असाही आहे आणि दुर्गुण असाही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण सबंध व्यसनांनाच वाहिलेले असून, आग, पूर, रोगराई आणि दुष्काळ यांचा विचार जिथे केला आहे, तिथेच शेजारी राजाच्या मृगया, द्यूत, स्त्री आणि पान या चार कामज व्यसनांचाही विचार केला आहे. दुष्काळ पडला म्हणून कुणब्याला कोणी कोरडे मारीत नाही. पण पानाचे व्यसन त्याच अधिकरणात असूनही आपण त्याची चौकशी फौजदारी बाण्यानेच करतो. ‘दारू’ हा शब्द तर त्याहून मौजेचा. फारसीत तो मुळात औषधाचा वाचक. आपल्या ‘दवादारू’त तो अर्थ अजून जिवंत आहे, आणि दारूगोळ्यात त्याचे तिसरेच रूप धडाडते. विनोदाची परमावधी अशी, की १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला जो परवाना लागतो, त्यात मद्यसेवनाचे प्रयोजन प्रकृतीचे रक्षण व संवर्धन असेच धरलेले आहे. फारसी कोशकाराला जो अर्थ अभिप्रेत होता, तो अबकारी खात्याने असा इमानाने सांभाळला आहे.

धर्मशास्त्राने मात्र संदेह ठेवला नाही. सुरापान हे पंचमहापातकांपैकी एक, आणि मनूने त्याला सांगितलेले प्रायश्चित्त असे, की द्विजाने अग्निवर्ण होईपर्यंत तापवलेली सुरा प्यावी आणि त्या योगे देह जळाला म्हणजे पापातून मोकळे व्हावे. या निर्बंधाच्या मुळाशी महाभारतातली जी कथा सांगतात ती शुक्राचार्यांची. असुरांनी कचाला मारून, जाळून, त्याची राख सुरेत कालवून गुरूला पाजली. आणि आपण काय प्यालो हे पोटातल्या शिष्याच्या आवाजावरून कळले, तेव्हा संतापलेल्या शुक्राने इतःपर मद्य पिणाऱ्या ब्राह्मणाला ब्रह्महत्येचा दोष लागेल असा शाप उच्चारला. ही कथा आम्ही शाळेत संजीवनी विद्येसाठी शिकलो. खाडिलकरांनी तिच्यावर ‘विद्याहरण’ लिहिले. पण तिच्यातली एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही, ती ही की दारूबंदीचा हा आद्य शासनकर्ता स्वतः पिणारा होता, आणि त्याचा कायदा हा दुसऱ्या दिवशीच्या पश्चात्तापातून निघालेला कायदा आहे. रात्री काय गिळले गेले ते सकाळी कळणे, आणि कळताक्षणी साऱ्या जगासाठी आणि सर्व काळासाठी शपथ उच्चारणे, हा अनुभव ज्या घरात मद्यपी आहे त्या घराला अपरिचित नाही. शुक्राचार्यांनी ती शपथ पुढे पाळली. सर्वसामान्य मनुष्याला ते साधत नाही.

त्याला ते का साधत नाही, हे मला प्रथम पाहायला मिळाले ते आमच्या तालुक्याच्या गावी. मामलेदार कचेरीत एक अव्वल कारकून होते. अक्षर मोत्यासारखे, हिशेब चोख, आणि संध्याकाळी सुरू झालेली दारू हळूहळू सरकत सरकत दुपारी, मग सकाळी आणि शेवटी अंथरुणातून उठताक्षणीच्या घोटापर्यंत आलेली. गावात अखंड हरिनाम सप्ताह झाला. काल्याच्या दिवशी ते महाराजांच्या पायांवर पडले, ढसाढसा रडले आणि गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली. माळ घातली म्हणजे मद्यमांस वर्ज्य, एकादशी आली, पंढरीची वारी आली. गावाने त्यांच्यासाठी आनंद मानला, आणि त्यांच्या घरी त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक झाला.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी हात इतके कापू लागले की चहाची बशी ओठाला लागेना, अंगाला घामाच्या धारा लागल्या, आणि पोटात पाण्याचा घोटही ठरेना. तिसऱ्या रात्री ते घोंगडीवरच्या मुंग्या झटकू लागले. घोंगडीवर मुंग्या नव्हत्या. मग मांडी घालून बसले आणि समोर नसलेल्या दप्तराची नसलेली पाने भराभर उलटीत, कुणाकुणाच्या गट नंबरांचा पुकारा करीत, हवेत बोटाने नोंदी करू लागले. शेजारपाजार जमला. कोणी म्हणाले, माळेचा विटाळ झाला म्हणून देव कोपला. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे, भगताला बोलवा. लिंबू उतरून झाले, अंगारा लावून झाला. शेवटी पलीकडच्या वाड्यातले एक निवृत्त कंपाउंडर आले, त्यांनी नाडी धरली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि माझ्या वडिलांना म्हणाले, “अण्णा, देवबीव काही कोपलेला नाही. दारू तुटलीय. लागताना कुणाला दिसली नाही, आता सुटताना दिसतेय. गाडी जुंपा, जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या, नाहीतर हा माणूस माळेसकट जाईल.”

त्या वृद्धाचे निदान अक्षरशः बरोबर होते. मद्य मेंदूच्या व्यापाराला सतत आवर घालते. तिथल्या शामक द्रव्याचा, ज्याला गाबा म्हणतात त्याचा, प्रभाव ते वाढवते आणि उत्तेजक ग्लूटामेटाचा कमी करते. वर्षानुवर्षे हा आवर राहिला म्हणजे मेंदू आपला तोल राखण्यासाठी उलट बाजूने जोर लावू लागतो, आणि रस्सीखेचीत दोन्ही पक्ष तोडीस तोड असले म्हणजे दोर जसा जागच्या जागी दिसतो, तसा तो पिणारा बाहेरून स्थिर दिसतो. मग एके दिवशी एका पक्षाने दोर एकाएकी सोडून दिला तर दुसरा ज्या वेगाने मागे कोसळतो, तेच इथे घडते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत कंप, घाम, मळमळ आणि धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत कधी आकडी येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना तो उग्र सन्निपात होतो, ज्याला थॉमस सटन या इंग्रज वैद्याने १८१३ साली ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव दिले. दिवसाकाठी मनसोक्त पिणाऱ्याने आपल्या आपण, घरच्या घरी, एका झटक्यात बंद करणे हे म्हणूनच जिवावरचे साहस ठरू शकते. यकृताला सूज येणे, ते कठीण होत जाणे, पोटात पाणी साठून जलोदर होणे, अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होणे, या गोष्टी आता पुष्कळांना ठाऊक आहेत. परंतु दारू पिण्याने माणूस मरतो हे जाणणाऱ्यांतही, ती अविचाराने तोडल्याने तो मरू शकतो हे जाणणारे थोडे.

माझ्या लेखी इथे धर्मचिंतनाला एक मोठा पेच पडतो. शपथ हा आपल्या नीतीचा सर्वोच्च उच्चार. भीष्माची प्रतिज्ञा, हरिश्चंद्राचे सत्य यांच्यावर आपले मन वाढले आहे. शपथ घेणारा मी एक आणि ती पाळणारे माझे शरीर म्हणजे माझा हुकुमाचा ताबेदार, असे त्या नीतीने गृहीत धरले आहे. परंतु या कारकुनाच्या शरीराने त्याच्या नकळत, त्याच्या सहीशिवाय, निराळाच एक करारनामा करून ठेवला होता, आणि काल्याच्या दिवशी त्याच्या जिभेने दिलेले वचन शरीराला मुळीच बांधून घेणारे नव्हते. पाप करणारा आणि पश्चात्ताप करणारा हे दोघे एकच, असे धर्मशास्त्र म्हणते. वैद्यकाने पाहिले तर त्या घोंगडीवर तिसराही कोणी होता.

आश्चर्य असे की आपल्याच परंपरेतल्या दुसऱ्या शास्त्राला हे फार पूर्वीपासून माहीत होते. चरकाने मदात्ययासाठी स्वतंत्र अध्याय लिहिला आहे, आणि त्या रोगावर योग्य प्रकारे व योग्य मात्रेत दिलेले मद्य हेच औषध म्हणून सांगताना त्याचा हात कचरलेला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अंगवळणी पडलेले अहितकर सोडायचे ते एकदम नव्हे तर पावपावाने, आणि हितकर धरायचे तेही त्याच क्रमाने, असा सर्वसाधारण नियम त्याने सूत्रस्थानात घालून दिला आहे. असे क्रमाने गेलेले दोष पुन्हा येत नाहीत आणि क्रमाने आलेले गुण ढळत नाहीत, हे त्याचे त्यामागचे कारण. मनूच्या हाती तापलेल्या सुरेचे पात्र आहे आणि चरकाच्या हाती मापाचे. एकाच देशात, एकाच भाषेत, एकाच पिणाऱ्याबद्दल दोन ऋषी इतके वेगळे बोलले, याचा आपल्या कीर्तनांतून पुरेसा बोभाटा झालेला नाही. आजचे डॉक्टर मद्याऐवजी, मेंदूत त्याच ठिकाणी काम करणारे क्लोरडायझेपॉक्साइडसारखे औषध देतात, दिवसागणिक त्याची मात्रा उतरवत नेतात आणि बरोबर थायमिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे, इंजेक्शन देतात. पण क्रमाचे तत्त्व पाहिले तर ते चरकाचेच. अर्थात, हे वाचून कोणी घरच्या घरी मापे घेऊन बसू नये. मापाची पारख पिणाऱ्याच्या हातून केव्हाच निसटलेली असते.

थायमिनचा उल्लेख मी सहज केलेला नाही. बुद्धी, धृती आणि स्मृती ही तीन भ्रष्ट झाली म्हणजे मनुष्य जे अशुभ कर्म करतो त्याला चरक ‘प्रज्ञापराध’ म्हणतो. धृती म्हणजे विषयाकडे धावणाऱ्या मनाला आवरून धरणारी शक्ती. आम्ही हे शब्द नीतीचे समजत आलो. पण मद्याने दीर्घकाळ पिडलेल्या मेंदूत, आत्मसंयमाचे काम करणारा कपाळामागचा भागच झिजत जातो, आणि थायमिनच्या अभावी काही जणांची स्मृती अशी विझते की ते पाच मिनिटांपूर्वीचे विसरतात आणि रिकाम्या जागा रचलेल्या गोष्टींनी भरून काढतात. रशियन वैद्य कोर्साकोव्ह याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अवस्थेचे वर्णन केले. म्हणजे ज्या धृतीने दारू सोडायची ती धृतीच दारू खाऊन टाकते, आणि ज्या स्मृतीत शपथ जपून ठेवायची तिचे दप्तरच वाळवीने फस्त केलेले असते. अशा माणसाला ‘मनावर घे’ असे सांगणे म्हणजे ज्याचे दोन्ही हात गहाण पडले आहेत त्याला स्वतःच्या हाताने गहाण सोडवून आण म्हणण्यासारखे आहे.

तर मग तो निर्दोष म्हणायचा काय? रोगी म्हटले की सुटका झाली, असे मानणारा एक उदार वर्ग अलीकडे झाला आहे, आणि त्याच्याशीही माझे जमत नाही. मधुमेह झालेला मनुष्य बायकोचे मंगळसूत्र विकीत नाही, आणि क्षयी रोगी मुलाच्या फीचे पैसे गुत्त्यावर मोडीत नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले तेव्हा ते पाहायला त्याचा कर्ता हयात नव्हता. परंतु शीर्षकातच त्याने या प्रश्नाची नेमकी शीर पकडून ठेवली होती. पहिला प्यालाही ‘एकच’ असतो, आणि सोडल्यानंतरचा, सगळ्यावर पाणी फिरवणारा प्यालाही ‘एकच’ असतो. या दोन ‘एकच’च्या मधला सारा प्रवास शरीराच्या ताब्यात असेल, पण त्या दोन क्षणी, निदान अंशतः, नाटकाचा नायक सुधाकर जागा होता. जबाबदारी ही सर्वकाळ सारख्याच वजनाची नसते. ती भरती-ओहोटीसारखी येते-जाते, आणि ओहोटीच्या वेळी दिलेला हुकूम भरतीच्या वेळी अमलात आणता येतो असे नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत शरणागतीविषयी एक प्रसिद्ध वाद आहे: माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः कवटाळते, मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते, मग ईश्वराच्या कृपेला जीवाने हात पुढे करायचा की निश्चेष्ट राहायचे? आचार्यांनी यावर दोन पंथ केले. मला वाटते, त्यांच्यापुढे एखादा मद्यपी आणून ठेवला असता तर वाद थोडा सौम्य झाला असता. पहिल्या आठवड्यात तो मांजरीचे पिल्लू असतो, त्याला उचलूनच न्यावे लागते. आणि त्यानंतर जन्मभर त्याला माकडाचे पिल्लू व्हावे लागते, ते दुसरा कोणी त्याच्या वतीने होऊ शकत नाही.

अमेरिकेत १९३५ साली बिल विल्सन नावाचा एक दलाल आणि बॉब स्मिथ नावाचा एक शल्यवैद्य, दोघेही दारूने नागवलेले, ओहायो प्रांतातल्या अक्रन गावी भेटले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही मंडळी उभी राहिली. दारूपुढे आपण हतबल आहोत ही कबुली, ही त्यांची पहिली पायरी. शपथेने ज्यांचे जीवन उभे राहिले नाही, त्यांचे ‘मला शक्य नाही’ या वाक्याने उभे राहिले, ही गोष्ट तर्काला विपरीत वाटते. भक्तिमार्गाला ती विपरीत वाटू नये. १० जून १९३५ हा स्मिथने शेवटचे मद्य घेतल्याचा दिवस, आणि तोच ते संस्थेचा स्थापनादिन मानतात. त्या सकाळी स्मिथला शस्त्रक्रिया करायची होती. त्याचे हात थरथरू नयेत म्हणून विल्सनने स्वतःच त्याला बिअरची एक बाटली दिली होती. चरकाला हे वाचून संतोष वाटला असता. पुढे १९६१ साली मनोवैज्ञानिक कार्ल युंग याने विल्सनला लिहिले, की मद्याची तहान ही पूर्णत्वाच्या आध्यात्मिक तहानेचेच खालच्या पातळीवरचे रूप आहे. पुष्कळ विद्वान या पत्राने भारावून जातात. मी अर्धाच भारावतो. गटारात उतरणारा कामगार उतरण्यापूर्वी पितो तेव्हा त्याला पूर्णत्व नको असते, नाक बधिर व्हायला हवे असते. आणि त्याच्या तहानेचे मूळ परब्रह्मात शोधण्याऐवजी नगरपालिकेच्या दफ्तरात शोधणे अधिक प्रामाणिक होईल.

या मंडळींची दुसरी गोष्ट मात्र मी पूर्णपणे मानतो, आणि ती म्हणजे काळाची. ते जन्माची शपथ घेत नाहीत. आजचा दिवस घेणार नाही, एवढेच म्हणतात. पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हापासून मराठी मुलखातही ही भाषा रुजली आहे. परंतु ती परदेशातूनच आली असे मानायचे कारण नाही. बौद्धांचे पाचवे शील मद्याला प्रमादाचे स्थान म्हणून वर्ज्य करते, आणि ते शील म्हणजे एकदा देऊन मोकळे व्हायचे वचन नसून शिकण्याचा नियम आहे, जो उपासक वंदनेच्या वेळी पुन्हा पुन्हा घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आणि त्या अनुयायांच्या वस्तीत आजही त्रिशरणानंतर पंचशील म्हटले जाते, तेव्हा ती प्रतिज्ञा शिळी होऊ दिली जात नाही. उद्याचा मी कोण असेन हे मला ठाऊक नाही. त्याच्या नावाने कर्जरोखा लिहून द्यायचा मला अधिकार तरी कुठे आहे? आजच्या माणसाने आजच्यापुरते बोलावे, यात शपथेचा कमीपणा नाही. उलट खोट्या साक्षीचा दोष त्याने टळतो.

आमचे अव्वल कारकून त्या वेळी वाचले. दवाखान्यातून परत आले, सात महिने बरे राहिले, आणि एका संध्याकाळी त्यांनी गळ्यातली माळ काढून देवघराच्या खुंटीला अडकवली, तिला नमस्कार केला आणि गुत्त्यावर गेले. माळेसह प्यायला ते धजले नाहीत. गावाने याची टवाळी केली, पण मला त्या नमस्कारात धृतीचा शेवटचा धागा दिसतो. त्यानंतर तीन वेळा पडले, दोनदा दवाखाना झाला, एकदा त्यांच्या नकळत भाजीतून कसली पूड घालून पाहिली ती जिवावर बेतली, आणि अखेर एका केंद्रात महिनाभर राहून आले. फार वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते सेवानिवृत्त होते, हात स्थिर होता, आणि समोरच्या कागदावर नातवाला बाराखडी काढून देत होते; अक्षर तसेच मोत्यासारखे. मी विचारू नये ते विचारले, “मग, सुटली म्हणायची का?”

“आज घेतली नाही,” ते म्हणाले.

खुंटीवर माळ तशीच होती. धूळ नव्हती, कोणी तरी रोज पुसत असावे. पुन्हा का घातली नाहीत, असे मी नजरेनेच विचारले असावे, कारण त्यांनी वर न पाहता, ‘ध’चा काना पुरा करीत सांगितले, “राहू द्या की तिथं. रोज सकाळी चहा घेताना तिच्याकडं बघतो. गळ्यात असली की दिसत नाही.”